कल्पित विजयानंतरचा सत्तातोल

पानिपत जिंकलें असतें तर? हा प्रश्न ज्यांत एकदां तरी निघाला नाहीं असें मराठी घर विरळाच. जेवणें उरकून मंडळी बसलेली असतात, कोणी इतिहासाचें पुस्तक चाळीत असतो, आणि बोलतां बोलतां एखादा हा प्रश्न टाकतो. मग अटकेपासून कलकत्त्यापर्यंतचा सगळा मुलूख अर्ध्या घटकेंत आपला होऊन जातो आणि मंडळी सुस्कारा टाकून उठतात. ह्या सुस्काऱ्यावर पोसलेलें वाङ्मय आपल्याकडे थोडें नाहीं. परंतु "बरें, जिंकलें असें धरूं, पुढें काय?" असा हिशेब शास्त्रज्ञाच्या थंड डोक्यानें मांडूं पाहणारी कथा म्हटली कीं आम्हांस प्रथम आठवते ती जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’.

नारळीकरांची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. विश्वरचनाशास्त्रांत फ्रेड हॉइल ह्यांच्या बरोबरीनें ज्यांचें नांव घेतलें जातें, त्या ह्या पंडितानें १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेंत ‘कृष्णविवर’ ही आपली कथा टोपणनांवानें धाडली आणि बक्षीस मिळविलें. नांव झांकून कस लावून घेण्याची ही रीत आमच्या मनास फार भावते. पुढें डिसेंबर २०२१ मध्यें नाशकास ९४ वें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें, त्याचें अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें. विज्ञानकथा लिहिणाऱ्यास तो मान प्रथमच मिळत होता. पण प्रकृतीच्या कारणानें त्यांस येतां आलें नाहीं. २० मे २०२५ रोजीं ते वारले. त्यानंतर त्यांच्याविषयीं गौरवाच्या भाषेंत पुष्कळ लिहिलें गेलें आणि तें योग्यच होतें. आम्हांस येथें एका कथेपुरतें, थोड्या निराळ्या अंगानें, बोलावयाचें आहे. कथेचा इंग्रजी अवतार अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांत घेतला गेल्यामुळें घरोघरच्या मुलांस ती ठाऊक आहे. पुढील तपशील आम्ही मुख्यतः त्या अवतारास अनुसरूनच देत आहों.

इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे ह्यांस एका मालमोटारीची धडक बसते आणि ते भानावर येतात ते निराळ्याच हिंदुस्थानांत. पुण्याहून मुंबईस जातांना वाटेंत सरहद्द लागते, परवाने तपासले जातात, आणि तेथून इंग्रजी अंमल सुरू होतो. मुंबईंत पाहतात तों ईस्ट इंडिया कंपनीची कचेरी धडधाकट उभी! जिचा राज्यकारभार १८५८ सालीं काढून घेण्यांत आला ती कंपनी येथें खुशाल व्यवहार करीत आहे. गंगाधरपंत ग्रंथालय गांठतात आणि स्वतः लिहिलेल्या इतिहासाचे खंड काढून वाचूं लागतात. पहिले खंड जसेच्या तसे. शेवटच्या खंडांत पानिपताच्या प्रसंगीं मात्र वाट फुटलेली. विश्वासरावांस लागावयाची गोळी कानाजवळून तिळभर अंतरानें निघून गेली. मराठे जिंकले, अब्दालीस काबुलापर्यंत पिटाळलें, आणि पुढचा सगळा हिंदुस्थान पालटला.

येथवर कोणीही लिहिलें असतें. नारळीकरांची मातबरी दिसते ती पुढें. सामान्य लेखकानें एवढ्या विजयावर लाल किल्ल्यावर जरीपटका लावला असता, इंग्रजांस समुद्रांत बुडविलें असतें आणि पेशव्यांस चक्रवर्ती करून टाकलें असतें. नारळीकर ह्यांपैकीं कांहींच करीत नाहींत. त्यांच्या कल्पित हिंदुस्थानांत दिल्लीची बादशाही नांवापुरती जिवंत आहे, कारण ती जिवंत ठेवणें पुण्यास सोयीचें आहे. कंपनी मुंबई, कलकत्ता, मद्रास ह्यांच्या आसपासच्या तुकड्यांवर येऊन राहिली आहे, पोर्तुगीज व फ्रेंच जसे राहिले तशी. पुढें लोकसभा आली, पेशवे मागें पडले, तरी दिल्लीचा शहेनशहा शिक्क्यापुरता उरलाच. आणि मुंबई? ती इंग्रजांकडे आहे ती १९०८ सालच्या करारानें, २००१ पर्यंतच्या पट्ट्यानें, निव्वळ व्यापाराच्या सोयीसाठीं. प्रबळ पक्षानें दुर्बळास दिलेली ही जागा आहे. संपूर्ण विजय नव्हे, तर विजयानंतर बसलेला तोल लेखक दाखवीत आहे. मोठ्या युद्धानंतर खरीं राज्यें अशींच वागतात. हरलेल्याचा समूळ उच्छेद करण्यापेक्षां त्याला कामापुरतें जिवंत ठेवणें स्वस्त पडतें, हें जाणणारा लेखक कल्पनेच्या प्रांतांत विरळा.

शिवाय ह्या तोलाचे चिरे लेखकानें हवेंतून आणलेले नाहींत. शहाआलम बादशहास मराठ्यांनीं दिल्लीस नेऊन बसविलें तें खऱ्या इतिहासांत, १७७२ च्या आरंभीं, म्हणजे पानिपत हरल्यावर अवघ्या अकरा वर्षांनीं. महादजी शिंद्यांस वकील-इ-मुतलकी मिळाली ती १७८४ सालीं. १७८२ च्या सालबाईच्या तहानें इंग्रज-मराठ्यांचें युद्ध थांबलें आणि पुढें वीस वर्षें दोघांनींही एकमेकांचा अंदाज घेत दिवस काढले. तात्पर्य, कथेंत जो तोल विजयानंतर बसतो त्याच्यासारखाच एक तोल पराजयानंतरही बसला होता. टिकला नाहीं एवढेंच. मग तो कां टिकला नाहीं, हा प्रश्न वाचकाच्या मनांत उभा राहतो, आणि नेमका तेथेंच आमचा ह्या कथेशीं वाद सुरू होतो.

राघोबादादांचें काय झालें, हें कथा एका वाक्यांत उरकते. विश्वासराव व माधवराव ह्या भावांच्या कर्तबगारीपुढें दादासाहेब मागें पडले आणि यथाकाल राजकारणांतून निवृत्त झाले! आम्ही नाशिककर हें वाक्य वाचून थबकतों. दादासाहेबांची निवृत्ति कशी असते हें आमच्या जिल्ह्यास चांगलें ठाऊक आहे. १७६८ सालीं धोडपच्या किल्ल्याशीं पुतण्यानें चुलत्यावर फौज घातली, त्यास पकडून पुण्यास नेऊन ठेवलें, तेव्हां कोठें तो कांहीं काळ स्वस्थ बसला. आणि पुतण्या वारल्यावर पुन्हां उठला तो थेट १७७५ च्या सुरतेच्या तहापर्यंत, साष्टी आणि वसई कंपनीच्या पदरांत टाकण्याचें कबूल करीपर्यंत, गेला. गोदेच्या कांठीं दादांची आनंदवल्ली आहे, आणि त्याच वाटेनें पुढें गेलें कीं गंगापूर लागतें. तेथें विश्वासराव आणि माधवराव ह्या दोघांची आई, गोपिकाबाई, आपल्या उत्तरायुष्यांत राहिली. १७८८ सालीं ती वारली. एक मुलगा रणांत गेला, दुसरा क्षयानें गेला, तिसरा नारायणराव शनिवारवाड्यांत मारला गेला. एका वाटेवरचीं हीं दोन ठिकाणें ज्यानें पाहिलीं आहेत त्यास पेशव्यांचें घर एका गोळीच्या चुकण्यानें सांवरलें असतें, हें पटणें कठीण. विश्वासराव जगते तर चुलत्याची महत्त्वाकांक्षा विरघळून गेली असती काय? भाऊसाहेबांसारखा विजयी सेनापति आणि दादांसारखा अटकेपर्यंत जाऊन आलेला सरदार एकाच दरबारांत सुखानें नांदले असते काय? दरबारच्या आंतील तोल बसविल्यावांचून बाहेरचा तोल बसत नाहीं, ही गोष्ट लेखकाच्या नजरेंतून निसटली, असें आम्हांस वाटतें.

ह्याहून मोठी उणीव सरदारांची. सबंध कथेंत शिंदे नाहींत, होळकर नाहींत, नागपूरकर भोसले नाहींत, गायकवाड नाहींत. पुणें आणि कंपनी, एवढेच दोन खेळाडू. वास्तविक मराठ्यांचें राज्य म्हणजे मंडळ होतें. उत्तरेंत जय मिळाला असता तर त्याची वांटणी हाच पहिला तंटा ठरला असता. चौथाईच्या रकमेवरून जे भाऊबंद एरवीं भांडत, ते दिल्लीच्या वाटणीवरून गप्प बसले असते असें मानणें भोळेपणाचें आहे. ह्या बाबतींत परदेशचें एक उदाहरण आठवतें. फिलिप डिक ह्या अमेरिकन लेखकानें १९६२ सालीं ‘द मॅन इन द हाय कॅसल’ ही कादंबरी लिहिली. तींत दुसरें महायुद्ध जर्मनी व जपान जिंकतात आणि अमेरिका वांटून घेतात. पूर्वेकडचा भाग एकाच्या दाबाखालीं, पश्चिम किनारा दुसऱ्याच्या, मध्यें एक दुबळा पट्टा. युद्ध संपल्यावर पुढें एक विजेता दुसऱ्याच्या गळ्यावर सुरी ठेवण्याचा बेत करूं लागतो. कादंबरीचें सारें भय त्या संशयांत आहे. तसेंच आयझॅक असिमोव्हचें. त्याच्या ‘फाउंडेशन’मध्यें आकाशगंगेचें साम्राज्य मोडतें आणि एका लहानशा ग्रहाभोंवतीं चार राज्यें उभीं राहतात. त्या ग्रहाचा धूर्त नगराध्यक्ष एकाच्या तावडींतून सुटतो तो हत्यारानें नव्हे, तर अणुशक्तीचें रहस्य ह्या एकाच्याच हातीं जाईल असें बाकीच्या तिघांस भरवून. नाना फडणिसांनीं हें वाचलें असतें तर त्यांस त्यांत नवें कांहीं वाटलें नसतें. विज्ञानकथेच्या लेखकास यंत्रांचें ज्ञान असतेंच, परंतु साम्राज्यें उभीं करावयाचीं तर मत्सराचेंही ज्ञान हवें.

बंगालविषयीं थोडक्यांत. प्लासीची लढाई १७५७ ची, म्हणजे पानिपताच्या आधींची. पानिपत झालें त्याच आठवड्यांत दक्षिणेंत पाँडिचेरी इंग्रजांनीं घेतली आणि फ्रेंचांचें राजकीय बळ संपलें. ह्या दोन्ही गोष्टी विश्वासरावांच्या कानाजवळून जाणाऱ्या गोळीवर अवलंबून नव्हत्या. गंगेच्या मुखाचा वसूल ज्याच्या हातीं, त्याला केवळ पुण्याच्या शहाणपणानें कलकत्त्याच्या वेशींत कोंडतां आलें असतें काय? त्यासाठीं बक्सारच्या आधीं, १७६४ च्या आंत, मराठी फौज पाटण्यापर्यंत जावयास हवी होती, आणि अवघड म्हणजे तेथें राहावयासही हवी होती. विजयी मराठ्यांनीं हें केलें असतें, असें म्हणणें अशक्य नाहीं. पण कथेनें तें म्हणावयास हवें होतें.

आतां शास्त्राची बाजू. कथेच्या शेवटीं गंगाधरपंतांचे स्नेही राजेंद्र देशपांडे त्यांस समजावितात कीं मोठ्या घटना कधीं कधीं अशा टोंकावर उभ्या असतात कीं अत्यल्प कारणानें त्या इकडच्या तिकडे कलंडतात. आणि अणूंच्या राज्यांत जशा अनेक शक्यता एकदम नांदतात तशीं जगेंही अनेक असूं शकतील. विवेचन सुबोध आहे, आणि तें मराठींत आणल्याबद्दल आपण लेखकाचे ऋणी आहों. मात्र टोंक कोठें होतें, ह्याविषयीं मतभेदास जागा आहे. ग्रँट डफनें १८२६ च्या आपल्या इतिहासांत माधवरावांचा अकालीं झालेला मृत्यु पानिपताइतकाच मराठी राज्यास घातक ठरल्याचा अभिप्राय दिला आहे. आम्हांसही तें टोंक पानिपताहून थेऊरजवळ अधिक दिसतें. १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊरास माधवराव गेले. वय अठ्ठावीसच्या आंत. क्षयाचे जंतु हे गोळीहून कितीतरी लहान. शास्त्रज्ञ लेखकास तेथें केवढा वाव होता!

एवढें भांडल्यावर एक गोष्ट मोकळ्या मनानें कबूल केली पाहिजे. कथेंतील सर्वांत खरा प्रसंग राजकारणाचा नाहींच. गंगाधरपंत आझाद मैदानावर एका व्याख्यानास जातात. व्यासपीठावर अध्यक्षाची खुर्ची रिकामी. आयुष्यांत ९९९ सभांचें अध्यक्षपद भूषविलेल्या माणसास हें कसें बघवावें? ते जाऊन खुर्चींत बसतात. श्रोते खवळतात. त्या हिंदुस्थानांत लोकांनीं अध्यक्ष, प्रास्ताविक आणि आभारप्रदर्शन हीं सर्व केव्हांच मोडीत काढलेलीं असतात! गंगाधरपंत बोलावयाचें थांबत नाहींत, टोमॅटो आणि अंडीं येतात, आणि ह्या धुमश्चक्रींत ते त्या जगांतून नाहींसे होतात. हंसतां हंसतां वाचकाच्या लक्षांत येतें कीं लेखकानें सुधारलेल्या राष्ट्राची एवढीच एक खूण मनापासून रंगविली आहे. बाकीचें राज्य त्यानें नकाशावर आंखलें. हें मात्र त्यानें डोळ्यांनीं पाहिल्यासारखें लिहिलें. ज्यानें ही रिकामी खुर्ची लिहिली, त्यालाच आमच्या गांवीं संमेलनानें अध्यक्षाची खुर्ची देऊं केली आणि तो येऊं शकला नाहीं, हा योगायोग आम्हांस त्या दिवसांत फार वेळ हंसवीत होता आणि थोडा बोंचतही होता.

गंगाधरपंत परत येतात तेव्हां त्यांच्या खिशांत बखरीचें एक फाटकें पान असतें. पानिपताच्या परिसंवादाचें अध्यक्षपद ते नाकारतात, आणि कथा संपते. मुंबईचा पट्टा मात्र तसाच राहतो. कथा लिहिली तेव्हां २००१ साल पुढें होतें. आतां तें मागें पडून पंचवीस वर्षें होत आलीं. त्या दुसऱ्या हिंदुस्थानांत त्या वर्षीं काय झालें? कंपनीनें चावी निमूटपणें पुण्याच्या हातीं दिली, कीं मुदतवाढ मागितली? दिल्लीच्या शहेनशहानें शिक्का कोणत्या कागदावर उठविला? कोणा तरुण लेखकानें ही दुसरी कथा लिहावयास घेतली तर आमची सूचना एवढीच, कीं तिचा आरंभ मुंबईच्या बंदरावर न करतां धोडपच्या पायथ्याशीं करावा.