पाचपट धोका की धोकाच नाही? बाळाच्या झोपेवरचे दोन पेपर

माझ्या बहिणीला नववा महिना लागलाय. बाळाला आपल्याच गादीवर घ्यायचं की शेजारी पाळण्यात, असं तिनं विचारलं. मी उत्साहानं दोन पेपरांचे निष्कर्ष पाठवले. तिचं उत्तर आलं, "दोघं उलटसुलट बोलतायत. मी करू काय?" चूक माझीच होती. लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना तुम्हीही हीच करण्याची शक्यता आहे, म्हणून ते पेपर इथे नीट उघडू.

पहिला कारपेंटर आणि सहकाऱ्यांचा, बीएमजे ओपन, 2013. पाच केस-कंट्रोल अभ्यास एकत्र केलेले. सिड्सने, म्हणजे झोपेत अचानक, कारण न सापडता दगावलेली 1472 बाळं आणि तुलनेला 4679. आईवडील धूम्रपान करत नाहीत, बाळ अंगावर पितं, इतर धोकेही नाहीत. तरी तीन महिन्यांखालचं बाळ त्यांच्या बिछान्यात झोपत असेल तर ऑड्स रेशो 5.1 (कॉन्फिडन्स इंटरव्हल 2.3 ते 11.4).

दुसरा ब्लेअर आणि सहकाऱ्यांचा, प्लॉस वन, 2014. इंग्लंडमधले दोन अभ्यास. 400 मृत्यू, 1386 कंट्रोल. सोफा, दारू आणि धूम्रपान वगळलं तर लक्षणीय धोका आढळला नाही.

आता मेथड्स वाचा. कारपेंटर यांच्या काही अभ्यासांत आईनं दारू किंवा ड्रग्ज घेतल्याची माहिती गोळाच झाली नव्हती. त्या रिकाम्या जागा इम्प्युटेशननं भरल्या. इम्प्युटेशन म्हणजे लबाडी नव्हे. पण ज्या घटकाचा परिणाम वजा करायचा, तोच अंदाजानं भरलेला असेल, तर 5.1 मध्ये त्याचा थोडा वाटा लपून राहू शकतो.

ब्लेअर यांच्याकडे 'लक्षणीय नाही' या शब्दांवर थांबा. तीन महिन्यांखालच्या बाळांसाठी त्यांचा आकडा 1.6 आहे (0.96 ते 2.7). म्हणजे तो धोक्याच्याच बाजूला झुकलाय. 'सिद्ध झालं नाही' याचा अर्थ 'धोका नाही' असा घेऊ नका. आणि दोन्ही इंटरव्हल शेजारी ठेवा: 2.3 ते 2.7 एवढा पट्टा दोघांत सामाईक आहे. निष्कर्ष वाचून वाटते तेवढी दरी आकड्यांत नाही.

शिवाय ऑड्स रेशोवर थांबू नका, मूळ प्रमाण शोधा. कारपेंटर यांच्याच अंदाजानुसार अशा घरांत मृत्यूचं प्रमाण लाखात 8 वरून 23 होतं. धोका विरळाच, पण वाढलेले ते 15 जीव आहेत, हेही विसरू नका.

यातला एकही अभ्यास भारतातला नाही. जमिनीवरची गादी, आईच्या कुशीतलं बाळ, हे चित्र त्यात नाही. ही मर्यादा रिव्ह्यूमध्ये लिहायलाच हवी. पण बहिणीला मर्यादा सांगून भागत नाही. म्हणून जिथे फारसा वाद नाही, ते कळवलं: बाळ त्याच खोलीत, पण वेगळ्या, सपाट आणि घट्ट गादीवर, पाठीवर, भोवती उशी किंवा सैल पांघरूण नको. रात्री पाजताना डोळा लागेल असं वाटलं तर सोफ्यावर मुळीच बसायचं नाही. तिथे सोबत झोपण्याचा ब्लेअर यांचा ऑड्स रेशो 18.3 आहे.

तिला पटलं. आईनं मात्र राईची उशी कधीच शिवून ठेवलीये. तिच्याशी बोलायचं काम माझ्याकडे आहे.