वार आहे, पवित्रा कुठे?

कोल्हापूरच्या राजारामपुरीत अभिनेते-चित्रकार चंद्रकांत मांडरे यांचं 'निसर्ग' नावाचं घर होतं. ते त्यांनी चित्रांसकट सरकारच्या हवाली केलं आणि तिथं कलादालन उभं राहिलं. आत निसर्गचित्रं आहेत, पावडर शेडिंगची कामं आहेत. कोरडी पूड कागदावर घासत, पुसत चित्र वर आणायचं. रेघ दिसत नाही, सावली कुठे सुरू झाली ते कळत नाही. त्यांचा पडद्यावरचा शिवाजी मला या चित्रांसमोर उभं राहिल्यावर उमगला.

मूळ नाव गोपाळ. चित्रकलेचे धडे बाबूराव पेंटरांकडे, आणि 'चंद्रकांत' हे नाव भालजी पेंढारकरांनी दिलेलं. चंद्रकांतांनी काम केलेला भालजींचा 'थोरातांची कमळा' १९४१चा, 'छत्रपती शिवाजी' १९५२चा. या दुसऱ्या चित्रपटात मिर्झाराजे जयसिंगांच्या भूमिकेत पृथ्वीराज कपूर होते. असा भारदस्त नट समोर असताना चंद्रकांत आवाज चढवून बाजी मारायला जात नाहीत. मान ताठ, खांदे सैल, नजर समोरच्यावर. राजेपण अंगातून दिसतं, मग शब्द येतात.

त्याच सुमारास जपानमध्ये तोशिरो मिफुने हा नट घडत होता. 'राशोमोन'मधला (१९५०) दरोडेखोर तोच आणि 'सेव्हन सामुराई'मधला (१९५४) शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला, सामुराई म्हणवून घेणारा किकुचियोही तोच. आपल्याकडे शिवाजी साकारलेल्या नटानं 'सांगत्ये ऐका'मध्ये (१९५९) दुष्ट पाटील रंगवला. पुण्याच्या विजयानंदमध्ये तो चित्रपट १३१ आठवडे चालला. तोच देह, तोच दरारा. फक्त नजरेतली माया काढून घेतलेली. मला ही भूमिका शिवाजीइतकीच मोठी वाटते. मिफुनेवर जगभर लिहिलं गेलं. चंद्रकांतांच्या अभिनयाची चिकित्सा आपण केलीच नाही, गौरव तेवढा केला.

'फर्जंद'पासून (२०१८) शिवकालीन चित्रपटांना पुन्हा बरकत आली, हे चांगलंच झालं. 'पावनखिंड'मध्ये (२०२२) अजय पुरकरांनी बाजीप्रभूंसाठी ओतलेली ताकद खरी आहे. पण एकूण या चित्रपटांत नटाला उभं राहायला सवडच मिळत नाही. वार पडतो, कॅमेरा फिरतो, ढोल वाजतो, लगेच पुढचा वार. कोल्हापूरच्या तालमीत मर्दानी खेळ शिकणाऱ्या पोराला आधी पवित्रा शिकवतात. पाय रोवायचे, तोल धरायचा, समोरच्याचे डोळे वाचायचे, हत्यार त्यानंतर. पडद्यावरून गेला आहे तो हा पवित्रा. संगणकावर हजारांची फौज उभी करता येते, नटाच्या अंगातला ठहराव नाही करता येत.

ऐतिहासिक भूमिका करू पाहणाऱ्या प्रत्येक तरुण नटानं तलवारबाजीच्या सरावाइतकाच वेळ 'छत्रपती शिवाजी' पाहण्यात घालवावा. आणि कोल्हापूरला आलात तर अंबाबाईचं दर्शन झाल्यावर एक तास राजारामपुरीसाठी राखून ठेवा.