‘मिळून साऱ्याजणी’ ते ‘खबर लहरिया’ : मालकी कोणाची, भाषा कोणाची?

आमलीरानातील कवी नर्मदाचे घर पाहावयास येणाऱ्या मराठी पाहुण्यांना आम्ही ‘डांडियो’विषयी आवर्जून सांगतो. १८६४ साली निघालेल्या या पत्राने धनिकांची आणि धर्मगुरूंची भीड बाळगली नाही, विधवाविवाहाचा कैवार घेतला. तथापि स्त्रीसाठी लिहिणारा पुरुष आणि स्वतःचे पत्र चालविणारी स्त्री यांत फार मोठे अंतर आहे. मराठीत ते अंतर कापले तानुबाई बिर्जे यांनी. जोतीरावांच्या शाळेत शिकलेल्या या बाईंनी पतीच्या निधनानंतर ‘दीनबंधु’चे संपादन केले. आमच्या वाङ्मयेतिहासांत त्यांना मिळणारी जागा मात्र एखाद्या ओळीहून अधिक नसते.

विद्या बाळ यांच्या कार्याचे मोल करताना ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवावी लागते. किर्लोस्करांचे ‘स्त्री’ मासिक १९३० साली सुरू झाले. त्याने मराठी मध्यमवर्गीय स्त्रीला वाचती आणि लिहिती केले हे खरेच. विद्याताई तेथे १९६४ साली आल्या, पुढे संपादक झाल्या आणि १९८६ साली बाहेर पडल्या. दरम्यान १९८२ साली पुण्यातील मंजुश्री सारडा यांच्या मृत्यूनंतर ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन घेऊन नारी समता मंचाच्या स्त्रिया गावोगाव हिंडल्या होत्या. लोक बोलू लागले की काय बाहेर येते, हे ज्या संपादिकेने जवळून पाहिले, तिला विणकाम-पाककृतींच्या शेजारी चार पाने पुरणे शक्य नव्हते. ऑगस्ट १९८९ मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ निघाले ते या गरजेतून.

या मासिकाचा खरा विशेष आम्हांस त्याच्या सुरात दिसतो. त्यात उपदेश कमी, विचारपूस अधिक. संपादिका वाचकाशी ओसरीवर बसून बोलावे तशी बोलते, आणि वाचकाचे पत्र हे तेथे लेखाइतकेच वजनदार असते. पुरुषांनाही त्या संवादात जागा आहे. पुढे गीताली वि. मं. यांनी संपादनाची धुरा घेतली. आईवडील दोघांची आद्याक्षरे लावणारे हे नावही मासिकाच्या भूमिकेचाच एक भाग म्हणावे लागेल. लेखनाची बाजू नेहमीच सारखी नाही. काही लेख अहवालासारखे कोरडे उतरतात, तर काही कथा आपला निष्कर्ष पहिल्याच परिच्छेदात सांगून मोकळ्या होतात. परंतु विद्याताईंचे शब्द आणि कृती यांत फट नव्हती. मंदिरप्रवेशाचा प्रश्न त्यांनी नीलिमा वर्तक यांच्यासह मुंबई उच्च न्यायालयात नेला आणि २०१६ साली न्यायालयाने स्त्रियांचा तो अधिकार मान्य केला. ३० जानेवारी २०२० रोजी त्या गेल्या.

सरकारी जाहिरात कोणत्या पत्रास मिळते आणि कोणत्या मजकुरानंतर थांबते, हे आम्ही खुर्चीच्या आतल्या बाजूने पाहिले आहे. म्हणून वर्गणीदारांच्या भरवशावर उभे राहणाऱ्या नियतकालिकाविषयी आम्हांस मुळातच आदर वाटतो. एवढे मान्य करूनही एक उणीव नोंदवली पाहिजे. ‘साऱ्याजणी’ या शब्दात सगळ्या आल्या, तरी मासिकाची भाषा बव्हंशी पुण्याची प्रमाण मराठीच राहिली.

ही उणीव ठळक होते ती ‘खबर लहरिया’कडे पाहिल्यावर. उत्तर प्रदेशातील चित्रकूट जिल्ह्यात २००२ साली, ‘निरंतर’ या दिल्लीच्या संस्थेच्या साहाय्याने, ग्रामीण आणि मुख्यतः दलित स्त्रियांनी हे पत्र बुंदेलीत काढले. कविता देवी या त्याच्या संस्थापकांपैकी एक. हातपंप बंद आहे, शिधा मिळत नाही, बलात्काराची फिर्याद ठाण्यात घेतली जात नाही, अशा बातम्या घरच्या बोलीत छापून आल्या. पुढे संकेतस्थळ आले, मग छपाई थांबली आणि वार्ताहर बाईच्या हाती भ्रमणध्वनीचा कॅमेरा आला. ज्या बाईस अक्षर लागत नाही तिलाही आता बातमी ऐकता येऊ लागली. आमच्या मते या स्थित्यंतराचा सर्वांत मोठा लाभ हाच. त्याची दुसरी बाजूही आहे. वर्गणीदारांची यादी संपादकाच्या कपाटात असते. पडद्यावरचा प्रेक्षक मात्र परदेशी कंपनीच्या मांडवात बसलेला असतो आणि त्या मांडवाचे नियम रातोरात बदलतात.

या स्त्रियांवरील ‘रायटिंग विथ फायर’ हा माहितीपट २०२१ साली आला आणि पुढच्या वर्षी ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला. त्याच वेळी ‘खबर लहरिया’ने जाहीर केले की चित्रपट हृदयस्पर्शी असला तरी आमचे काम एकाच राजकीय पक्षाभोवती फिरते असे त्यातून भासते, आणि ते अपुरे चित्र आहे. जगभर टाळ्या पडत असताना असे म्हणावयास जे बळ लागते, ते स्वतःचे पत्र वीस वर्षे चालविल्याने येते.

आता आपल्या शहराकडे येऊ. उधना, लिंबायत, पांडेसरा येथे खानदेशातून आलेली हजारो कुटुंबे आहेत. पुरुष यंत्रमागावर, तर बायका घरी बसून साड्यांना लेस लावतात, खडे चिकटवतात, धागे कापतात, मजुरी नगावर. या घरांत बोलली जाते ती अहिराणी. यूट्यूबवर अहिराणी गाण्यांना लाखो श्रोते आहेत, म्हणजे कान तयार आहेत. त्याच पडद्यावर, त्याच बोलीत, एका साडीमागे किती पैसे हाती पडतात आणि तो दर कोण ठरवतो, हे विचारणारी मुलगी लिंबायतच्या गल्लीतूनच यावयास हवी. आपल्या मंडळाच्या निबंधस्पर्धेत आजवर केवळ प्रमाण मराठीतील लेखन स्वीकारले जाते. यंदापासून अहिराणीतील लेखनही घ्यावे, अशी लेखी सूचना आम्ही कार्यकारिणीकडे दिली आहे.