‘कृष्णकान्तेर उइल’ : इच्छा आणि वाटणी

बंकिमचंद्र चट्टोपाध्यायांची ‘कृष्णकान्तेर उइल’ (१८७८) ही कादंबरी मराठीत आणू पाहणाऱ्यास पहिली अडचण शीर्षकातच भेटते. ‘उइल’ हा इंग्रजी शब्द बंकिमचंद्रांनी तसाच ठेवला. मराठीत त्यास ‘मृत्युपत्र’ म्हणण्याचा प्रघात आहे. पण त्या शब्दात मृत्यू पुढे येतो आणि इच्छा मागे राहते. ह्या कादंबरीचा सारा भार तर इच्छेवरच आहे.

हा भार महाराष्ट्रीय वाचकास सहज जाणवत नाही, ह्याचे कारण धर्मशास्त्रात आहे. मिताक्षरेप्रमाणे वडिलार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतःच सिद्ध होई, आणि अविभक्त मिळकत बापास मृत्युपत्राने वाटेल त्यास देता येत नसे. बंगालात जीमूतवाहनाचा दायभाग प्रमाण होता; तेथे बापाच्या हयातीत मुलाचा हक्क उत्पन्नच होत नसे. १८७० च्या हिंदू विल्स कायद्याने अशा मृत्युपत्रास लेख, सही आणि दोन साक्षीदार आवश्यक केले. प्रसन्नकुमार ठाकुरांनी ख्रिस्ती झालेल्या ज्ञानेंद्रमोहन ह्या मुलास वगळून केलेल्या मृत्युपत्राचा वाद १८७२ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने निकालात काढला. बंकिमचंद्र स्वतः डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. कागदाचे हे सामर्थ्य त्यांच्या परिचयाचे होते.

कृष्णकांत राय हा जमीनदार अन्यायी नाही. मिळकत त्याच्या नावावर असली तरी ती दिवंगत भावासह मिळविलेली आहे, हे स्मरून तो पुतण्या गोविंदलाल ह्यास आठ आणे देतो. हरलाल व विनोदलाल ह्या मुलांस तीन-तीन आणे, पत्नीस व मुलीस एकेक आणा. ह्या न्याय्य वाटणीवर हरलाल चिडतो, आणि स्वतःस बारा आणे देणारे बनावट मृत्युपत्र जन्मास येते. तथापि लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, बनावट कागदाने कोणाचाही वाटा बुडत नाही. घर मोडते ते खऱ्या आणि सद्‌हेतूने केलेल्या अखेरच्या मृत्युपत्राने. पुतण्याचे पाऊल वाकडे पडत आहे असे पाहून कृष्णकांत त्याचे नाव खोडतो आणि तो वाटा त्याची पत्नी भ्रमर हिच्या नावे करतो. पती हयात असता केवळ वारसाहक्काने तिला हे स्वामित्व मिळाले नसते. पण पत्नीचा आश्रित होणे गोविंदलालाच्या अभिमानास सोसत नाही. भ्रमर दानपत्राने सर्व परत देऊ करते. तो ते नाकारून निघून जातो. मिळकत कागदाने हस्तांतरित होते, नाते होत नाही, हे बंकिमचंद्रांनी येथे फार मर्मभेदकपणे दाखविले आहे.

रोहिणीच्या वधाविषयी शरच्चंद्रांनी नोंदविलेली तक्रार सुप्रसिद्ध आहे. तिच्याशी मी सहमत आहे. मात्र हा अन्याय पिस्तुलाच्या बाराने सुरू होत नाही, असे मला वाटते. काकाच्या घरी राहणाऱ्या ह्या तरुण विधवेच्या हातून खरे आणि खोटे असे दोन्ही कागद जातात, पण त्यांपैकी एकातही तिच्या नावे एक पैही नाही. हरलाल तिला विवाहाची आशा दाखवून कागद चोरावयास लावतो आणि मागाहून पाठ फिरवितो. सोळा आण्यांच्या हिशेबाबाहेरची ही स्त्री लेखकाने दिसू दिली, पण तिच्या वतीने बोलण्याचे धैर्य त्याला झाले नाही. भ्रमरच्या बाबतीतही तेच. ती मालकीण होते, तरी परत देण्यापलीकडे त्या मालकीचा तिला काय उपयोग, हा प्रश्न कादंबरी विचारीत नाही. तिला साध्वी म्हणून मरण देऊन लेखक त्यातून सुटका करून घेतो. कादंबरीचे खरे उणेपण मला येथे दिसते.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मिताक्षर कुटुंबातील सहदायादासही आपला हिस्सा मृत्युपत्राने देण्याची मुभा दिली, आणि २००५ च्या दुरुस्तीने मुलगीही जन्मतः सहदायाद झाली. कृष्णकांताच्या हाती असलेली लेखणी आता आपल्याही घरात आली आहे. म्हणून भाषांतराच्या शीर्षकात मी ‘इच्छापत्र’ हाच शब्द पत्करीन. कोणाची इच्छा, आणि ती कोणाच्या आयुष्यावर, हा प्रश्न त्या शब्दात तरी जिवंत राहतो.