नांव एकाचें, नाद पांचांचा

टीकाकाराला कलाकृतीविषयीं मत असतें. रसिकाला आपल्या आवडत्या माणसांविषयीं पक्ष असतो. महाराष्ट्राला हा प्रकार नवा नाहीं. बालगंधर्व थोर कीं केशवराव भोसले थोर, या प्रश्नावर एके काळीं घरोघर तट पडले होते. आणि ८ जुलै १९२१ रोजीं टिळक स्वराज्य फंडासाठीं मुंबईंत जो ‘संयुक्त मानापमाना’चा प्रयोग झाला, त्याला लोटलेली गर्दी ही त्या वादाचीच गोड परिणति होती. असल्या वादांना पोरकट म्हणून बाजूला सारण्याची विद्वानांना संवय असते. परंतु पक्षपाती रसिक निर्णय देतांना जरी घसरला, तरी ऐकतांना तो सहसा डुलकी घेत नाहीं. प्रतिपक्षाचा दोष काढावयाचा म्हणून कां होईना, तो एकच तबकडी पन्नास वेळां ऐकतो. आणि पन्नास वेळां ऐकणाऱ्याच्या कानीं असें कांहीं पडतें कीं जें एकदां ऐकून लेख लिहिणाऱ्याच्या स्वप्नींही येत नाहीं.

अमेरिकेंतील जाझ-फंक नांवाच्या संगीतप्रकारांत असा एक वाद पन्नासाहून अधिक वर्षें चालत आला आहे. पियानोवादक हर्बी हॅनकॉक यांच्या वृंदानें ‘हेड हंटर्स’ ही तबकडी ऑक्टोबर १९७३ मध्यें व ‘थ्रस्ट’ ही १९७४ मध्यें काढली. यांपैकीं श्रेष्ठ कोणती, हा वादाचा उघड विषय. पहिलींत ड्रमवर हार्वी मेसन आहेत, दुसरींत माइक क्लार्क. म्हणून या दोघांत थोर कोण, हा त्याचा खरा विषय.

हा वाद इतका टिकला याचें कारण त्याच्या मांडणींतच आहे. दोन्ही तबकड्यांवर चार-चारच रचना आहेत. दोहोंच्या मध्यें जेमतेम एका वर्षाचें अंतर आहे. हॅनकॉक, बासवादक पॉल जॅक्सन, सुषिरवादक बेनी मॉपिन व आघातवाद्यें वाजविणारे बिल समर्स हे चौघे दोहींकडे तेच आहेत. बदलला तो एकटा ड्रमवादक. फार काय, ‘बिलबोर्ड’च्या खपाच्या यादींत दोन्ही तबकड्या तेराव्या क्रमांकापर्यंतच चढल्या. प्रयोगशाळेंतल्या शास्त्रज्ञानें एकच घटक बदलून बाकीचे कायम ठेवावे, तशी ही योजना काळानें आयतीच करून ठेविली आहे. एका वादकानें वृंदाचा स्वभाव किती पालटतो, हें तपासण्याची इतकी स्वच्छ संधि संगीताच्या इतिहासांत क्वचितच मिळते.

हॅनकॉक यांचा जन्म १९४० सालचा, शिकागोचा. अकराव्या वर्षीं त्यांनीं शिकागो सिंफनी वाद्यवृंदासह मोझार्टच्या कन्सर्टोंतील एक भाग वाजविला. १९६३ पासून १९६८ पर्यंत ते माइल्स डेव्हिस यांच्या विख्यात पंचकांत होते. पुढें १९७० च्या सुमारास ‘मवांडिशी’ या नांवाचा त्यांचा वृंद निघाला. वादकांनीं स्वाहिली नांवें धारण केलीं होतीं, आणि त्यांचें संगीत चौकट सोडून अंतराळांत विहार करणारें होतें. तें खोल होतें. परंतु श्रोते थोडे व खर्च फार. १९७३ सालीं हॅनकॉक यांनीं तो वृंद मोडला व मॉपिन यांना तेवढें बरोबर ठेवून नवा डाव मांडला. आकाशांत पुष्कळ भटकून झालें, आतां पाय जमिनीला लागावेत, अशा अर्थाचें कारण त्यांनीं पुढें स्वतःच लिहून ठेविलें आहे.

ही जमीन म्हणजे फंक. जेम्स ब्राउन व स्लाय स्टोन यांनीं रुजविलेल्या या प्रकाराचा प्राण म्हणजे ठेक्याचें आवर्तन. सम ठळक, बाकीच्या मात्रा लहान लहान तुकड्यांत चिरलेल्या, आणि प्रत्येक वाद्याकडे सोंपविलेला एकेक चिमुकला तुकडा, जो दुसऱ्याच्या रिकाम्या जागींच पडला पाहिजे. ‘हेड हंटर्स’मधील ‘कमीलिअन’ या पहिल्याच रचनेंत ही इमारत आपल्या डोळ्यांदेखत उभी राहते. प्रथम खर्जाची एक वळणदार ओळ येते. ती बास गिटारीची नसून हॅनकॉक यांनीं विद्युत्-संश्लेषकावर वाजविलेली आहे. मग मेसन यांचा ठेका येतो. त्यानंतर जॅक्सन आपली बास गिटार खर्ज सोडून वरच्या पट्टींत नेतात व गिटारवादकाचें काम करूं लागतात, कारण या वृंदांत गिटार मुळींच नाहीं. क्लॅव्हिनेटचे तुटक स्वर उरलेल्या फटी भरतात. मुख्य धून येईपर्यंत ऐकणाऱ्याची मान डोलूं लागलेली असते.

मेसनपक्षाचें म्हणणें असें कीं, या सगळ्या इमारतीचा पाया मेसन यांचा संयम आहे. तें आम्हांस मान्य आहे. त्यांच्या वादनांत एकही आघात फुकट पडत नाहीं. ‘वॉटरमेलन मॅन’ ही हॅनकॉक यांची १९६२ सालची जुनी, लोकप्रिय रचना. तिला नव्या तबकडींत संथ, जड, झोके घेणारी चाल दिली ती मेसन यांनींच, आणि त्या पुनर्रचनेचें श्रेय तबकडीवर त्यांच्याच नांवें आहे. ‘कमीलिअन’च्या कर्त्यांतही हॅनकॉक, जॅक्सन व मॉपिन यांच्या बरोबरीनें मेसन यांचें नांव आहे. म्हणजे ते नुसते ठेका धरणारे नव्हते, रचनाकार होते. हीच त्यांची थोरवी, आणि हीच त्यांची मर्यादा. ते चित्राची चौकट अशी घट्ट ठोकतात कीं चित्रांतल्या माणसांना ती मोडून बाहेर येतां येत नाहीं.

मेसन हे लॉस एंजलिसच्या ध्वनिमुद्रणगृहांतले अत्यंत मागणी असलेले वादक. गांवोगांव दौरे करणें त्यांना परवडणारें नव्हतें. म्हणून जॅक्सन यांचे ओकलंडमधील स्नेही माइक क्लार्क आले. ‘थ्रस्ट’मधील ‘अ‍ॅक्चुअल प्रूफ’ ऐकावी म्हणजे फरक तत्काळ ध्यानांत येतो. येथें ठेका असा नाहींच. ठेक्याविषयीं चाललेलें संभाषण आहे. क्लार्क समेवर आघात देण्याऐवजीं तिच्या आगेंमागें देतात, हलक्या, अर्धवट ऐकूं येणाऱ्या आघातांची जाळी विणतात, आणि जॅक्सन यांची बास गिटार तितक्याच चपळाईनें त्या जाळींतून निसटत राहते. नवख्या श्रोत्याला सम सांपडत नाहीं. आपल्याकडील तबलजी कुआड-बिआड लयींत शिरला असतां मैफलींतील निम्मे लोक बोटें मोजूं लागतात, तशीच ही अवस्था. एवढें करून हॅनकॉक यांचा विद्युत्-पियानो त्या गुंतागुंतींतून स्वच्छ वाट काढतो.

या रचनेच्या नांवाची कथा येथें सांगण्याजोगी आहे. मूळ ती ‘द स्पूक हू सॅट बाय द डोअर’ या १९७३ च्या चित्रपटासाठीं केलेली. बासवादक बस्टर विल्यम्स यांच्यामुळें हॅनकॉक निचिरेन-पंथी बौद्ध उपासनेकडे वळले. त्या पंथाचा मूळ आधारग्रंथ म्हणजे आपल्या भूमींतून गेलेला ‘सद्धर्मपुंडरीक’. त्या परंपरेंत उपदेशाची अखेरची कसोटी म्हणून जें ‘प्रत्यक्ष प्रमाण’ मानतात, त्याचें इंग्रजी रूप या रचनेला दिलेलें आहे. प्रत्यक्षासारखें दुसरें प्रमाण नाहीं, हें आपल्या नैयायिकांनाही अमान्य होण्याचें कारण नाहीं. आणि क्लार्कपक्ष या रचनेकडे बोट दाखवून नेमकें हेंच म्हणत असतो.

मग निवाडा काय? आमच्या मतें, रचना म्हणून ‘हेड हंटर्स’ श्रेष्ठ आहे, संवाद म्हणून ‘थ्रस्ट’. पहिली तबकडी एखाद्या बांधेसूद नाटकासारखी आहे. तींतील कोणतीही ओळ हलविली तर तोल जाईल. दुसरी उत्तम मैफलीसारखी आहे. पुन्हां वाजविली तर निराळी होईल. याचा पुरावा १९७५ सालीं जपानांत निघालेल्या ‘फ्लड’ या प्रत्यक्ष मैफलीच्या मुद्रणांत मिळतो. तेथें हॅनकॉक साध्या लाकडी पियानोवर ‘अ‍ॅक्चुअल प्रूफ’ वाजवितात, आणि ती मूळ मुद्रणाहून अधिक धीट, अधिक मोकळी झाली आहे. ज्याला एकच तबकडी घ्यावयाची असेल त्यानें पहिली घ्यावी. ज्याला वृंद म्हणजे काय हें समजून घ्यावयाचें असेल त्यानें दुसरी घेतल्यावांचून राहूं नये.

परंतु दोन ड्रमवादकांच्या या झुंजींत दोन्ही पक्षांकडून एक अन्याय होतो. दोघांनाही शक्य झालें तें पॉल जॅक्सन यांच्यामुळें. मेसन यांच्याशीं ते घट्ट बांधून घेतात, क्लार्क यांच्याशीं ते खेळतात. दोन भिन्न स्वभावांना एकाच वृंदांत सामावणारा दुवा तोच आहे. बास हें वाद्य असें कीं तें असतांना कानांत भरत नाहीं, नसतांना मात्र घर ओस वाटतें. जॅक्सन पुढें जपानांत स्थायिक झाले व २०२१ सालीं निवर्तले. तीच गोष्ट मॉपिन यांची. ‘व्हेन मेल्टर’मध्यें व ‘बटरफ्लाय’मध्यें त्यांच्या बास क्लॅरिनेटचा गडद, ओलसर स्वर नसता, तर या दोन तबकड्या नाचावयास लावून विसरल्या गेल्या असत्या. ‘बटरफ्लाय’च्या कर्तृत्वांत त्यांचा वांटा आहे, हेंही पुष्कळांच्या गांवीं नसतें.

आतां या सर्व वादाच्या बाहेर उभा असलेला तिसरा पक्ष. त्याच्या मतें दोन्ही तबकड्या म्हणजे अधःपात. डेव्हिसच्या पंचकांतला मर्मज्ञ बाजारांत उतरला, एवढाच त्यांचा अर्थ. पहिल्या तबकडीचा खप दहा लाखांवर गेला, हा या पक्षाचा मोठा आधार. आणि ‘कमीलिअन’चा पहिला भाग केवळ दोन स्वरसंघातांवर उभा आहे, हा दुसरा. पहिल्या आक्षेपाला उत्तराची गरज नाहीं. पुष्कळांना आवडणें हा गुन्हा असेल तर तुकोबांनाही कोणी निर्दोष म्हणूं नये. दुसऱ्या आक्षेपाचा विचार मात्र आपला कान पाश्चात्त्य पंडितापेक्षां बरा करूं शकेल. एकाच षड्जावर तासभर राग मांडणाऱ्या संगीतांत आपण वाढलों. आधार बदलत नाहीं म्हणून संगीत दरिद्री होतें, असें आपणांस कधींच वाटलें नाहीं. उलट, आधार स्थिर असल्यामुळेंच लयीचे व स्वराचे सूक्ष्म भेद उठून दिसतात. हॅनकॉक यांनीं संपत्ति टाकून दिली नाहीं. ती एका खिशांतून दुसऱ्या खिशांत ठेविली.

त्यांच्यावर आक्षेप घ्यावयाचाच असेल तर तो निराळ्या ठिकाणीं घेतां येईल. ‘वॉटरमेलन मॅन’च्या आरंभीं बिल समर्स बिअरच्या बाटलींत फुंकून जो विलक्षण सूर काढतात, तो मध्य आफ्रिकेंतील बाबेंझेले लोकांच्या फुंकणी-गायनाचें अनुकरण आहे. सिम्हा अरोम यांनीं केलेलें त्या लोकांच्या संगीताचें मुद्रण १९६६ सालीं प्रसिद्ध झालें होतें. पुढें १९९४ मध्यें मडोना यांच्या ‘सँक्च्युअरी’ या गीतांत ‘वॉटरमेलन मॅन’चा अंश घेतला गेला, तेव्हां श्रेय हॅनकॉक यांना मिळालें. मूळ सूर ज्यांचा, त्यांचें काय, हा प्रश्न मानववंशशास्त्रज्ञ स्टीव्हन फेल्ड यांनीं १९९६ सालीं सविस्तर मांडला. हॅनकॉक यांची थोरवी या प्रश्नानें कमी होत नाहीं. पण प्रश्नही त्या थोरवीनें मिटत नाहीं. मेसन कीं क्लार्क म्हणून रात्र-रात्र भांडणाऱ्यांनीं त्या निनांवी फुंकणाऱ्यासाठींही एकदां भांडावें, असें आम्हांस वाटतें.

१९७५ सालच्या ‘मॅन-चाइल्ड’मध्यें वादकांची संख्या पुष्कळ वाढली, गिटारी आल्या, पितळी वाद्यें आलीं, ड्रमवर एकाच्या जागीं तिघे आले. तबकडी झळझळीत झाली, परंतु पांच माणसांचें बोलणें त्या गर्दींत ऐकूं येईनासें झालें. त्याच वर्षीं बाकीच्या मंडळींनीं नायकाच्या वादनाशिवाय ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’ काढली. ती ऐकतांना कळतें कीं त्यांच्या अंगीं स्वतःचें बळ होतें. आणि हेंही कळतें कीं हॅनकॉक यांच्यावांचून त्या बळाला दिशा कमी पडत होती. दोघांनाही एकमेकांची गरज होती. वृंद याचा अर्थच तो.

‘हेड हंटर्स’ला अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानें २००७ सालीं राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-संग्रहांत स्थान दिलें. तबकडीच्या आवरणावर नांव एकाचें आहे, आणि इतिहासांतही बहुधा तेंच राहील. ग्रंथालयाच्या सूचींत पांच माणसांना जागा नसते. ती जागा रसिकांच्या भांडणांत असते. मेसन, क्लार्क, जॅक्सन, मॉपिन, समर्स हीं नांवें आज पन्नास वर्षांनींही जिभेवर आहेत, तीं कोणा पंडिताच्या कृपेनें नव्हे. कोणीतरी त्यांच्याकरितां हट्टानें वाद घालीत राहिला म्हणून. तो वाद सुटावा, अशी इच्छा आम्हीं कां करावी?