द्रावणात नेमके काय आहे? धातुघटित औषधांच्या संशोधनातील एका उणिवेविषयी

धातूंच्या जटिल संयुगांच्या औषधी गुणांवरील प्रबंध वाचताना एक विधान वारंवार आढळते. संयुग पाण्यात अत्यल्प विद्राव्य असल्यामुळे त्याचे मूळ द्रावण डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये केले, असे ते विधान होय. त्यानंतर पाण्याचा विषय संपतो आणि पेशींवरील परिणामांची कोष्टके सुरू होतात. हे विधान प्रयोगातील एक सोय म्हणून लिहिले जाते. वस्तुतः त्यात एक मोठे रासायनिक गृहीत दडलेले असते. बाटलीतील स्फटिक आणि पेशीपर्यंत पोहोचणारे द्रव्य एकच आहे, हे ते गृहीत होय. या गृहीतास पुरावा बहुधा दिलेला नसतो.

या विचारास निमित्त झाला तो हॉल, गॉट्समन आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ साली ‘कॅन्सर रिसर्च’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला निबंध. डायमिथाइल सल्फॉक्साइडमधील गंधक प्लॅटिनमला जोडला जातो, सिसप्लॅटिनमधील क्लोराईड बाहेर पडतो आणि संयुगाची पेशीनाशक शक्ती घटते, हे त्यांनी दाखविले. तरीही अनेक संशोधक हाच विद्रावक वापरीत होते, असे त्यांना आढळले. ही अभिक्रिया नव्याने सापडलेली नव्हती. लिपार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ सालीच तिचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. म्हणजे अज्ञान हे कारण नव्हते. रसायनशास्त्रातील माहिती जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचली नाही, हे खरे कारण होते. खेदाची गोष्ट ही की, सिसप्लॅटिनसाठी या विद्रावकाची गरजच नसते. रुग्णालयात ते मिलिलिटरला १ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ३.३ मिलिमोलर, या प्रमाणात मिठाच्या पाण्यात मिळते; पेशींवरील प्रयोगांस त्याच्या कितीतरी पट कमी संहती पुरते. मिठाचे पाणी घेण्यामागेही रसायनच आहे. क्लोराईड भरपूर असेल तर सिसप्लॅटिनचे जलविच्छेदन दबून राहते. पेशीच्या आत क्लोराईड कमी असल्याने ते तेथे घडून येते.

हा निबंध मोलाचा आहे, यात शंका नाही. तथापि त्याच्यापासून घेतला जाणारा बोध फार अरुंद आहे, असे आमचे मत आहे. एक विद्रावक वर्ज्य केला आणि त्याच्या जागी दुसरा घेतला, की काम झाले, असा समज त्यातून होतो. मूळ प्रश्न मात्र पाण्याचा आहे, आणि तो विद्रावक बदलून सुटत नाही.

टिटॅनियमचा इतिहास याची साक्ष देतो. प्लॅटिनमेतर संक्रमण धातूंच्या संयुगांपैकी कर्करोगावरील मानवी चाचणीपर्यंत प्रथम पोहोचले ते बुडोटिटेन, १९८६ साली. पाण्यात त्याचे जलविच्छेदन होऊन अखेर टिटॅनियम डायऑक्साइड उरतो. म्हणून ते क्रेमोफोर आणि प्रोपिलीन ग्लायकॉल यांच्या आधाराने द्यावे लागे. त्या मिश्रणातील क्रियाशील घटकाचे स्वरूप नीट ठरविता आले नाही, आणि हे औषध मागे पडले. त्यानंतरच्या टिटॅनोसीन डायक्लोराईडचीही गत फारशी वेगळी झाली नाही. पाण्यात त्याचे दोन्ही क्लोराईड लवकर सुटतात, आणि रक्ताच्या सामूपर्यंत जाताना अविद्राव्य अवक्षेप तयार होतो. ही संयुगे अपयशी ठरली असे आपण लिहितो. पण चाचणीत नेमके कोणते संयुग अपयशी ठरले, हे सांगणे कठीण आहे.

उलट उदाहरण रुथेनियमचे आहे. केपी-१०१९ या संयुगाच्या पहिल्या मानवी चाचणीत, विद्राव्यता कमी असल्याने शिरेतून द्यावयाच्या द्रवाचे आकारमान फार वाढले, आणि कमाल सहनीय मात्रा ठरण्यापूर्वीच मात्रावाढ थांबवावी लागली. तेव्हा संशोधकांनी ऋण आयन तोच ठेवून धन आयन बदलला. इंडाझोलियमच्या जागी सोडियम येताच विद्राव्यता सुमारे ३५ पट वाढली. येथे विद्राव्यता हा अडथळा न मानता रसायनशास्त्राचा प्रश्न मानला गेला. अर्थात यामुळे विद्राव्यतेचा प्रश्न सुटला; स्थैर्याचा नव्हे. ऋण आयन तोच असल्यामुळे त्याचे जलविच्छेदनही तसेच राहिले. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि आपल्या प्रबंधांत त्यांची नेहमी गल्लत होते.

आता आपल्या प्रयोगशाळांकडे वळू. १० मिलिमोलर मूळ द्रावणाचा थेंब पोषक माध्यमात टाकला की संयुगाचा काही भाग सूक्ष्म कणांच्या रूपाने बाहेर पडू शकतो. डोळ्यांना द्रावण स्वच्छ दिसते, म्हणून कागदावरील संहती खरी धरली जाते. कण निष्क्रिय राहिले तर संयुग आहे त्यापेक्षा दुर्बळ भासते. ते तळाच्या पेशींवर साचले तर प्रबळ भासते. चूक एकाच दिशेची असती तर तिची दुरुस्ती करता आली असती. डीएनएशी संयोग मोजणाऱ्या वर्णपटांतही हाच धोका आहे. डीएनए मिसळताच शोषण घटले, की संयोग झाला असे मानून स्थिरांक काढला जातो. परंतु अवक्षेपानेही शोषण घटते. संयुग जेथे शोषण करीत नाही त्या तरंगलांबीवर आधाररेषा वर चढली आहे का, एवढे पाहिले तरी प्रकाशाचे विकिरण उघडकीस येते. शिफ बेसच्या संयुगांत तर पाणी लिगँडच तोडू शकते, आणि तांब्याच्या फेनँथ्रोलीन संयुगांत सुटा झालेला लिगँड स्वतःच विषारी असतो. तेव्हा मोजलेला गुण धातुसंयुगाचा, की त्याच्या अवशेषांचा?

यावरचे उपाय महाग नाहीत. ज्या माध्यमात पेशी वाढतात त्याच माध्यमात, त्याच तापमानास, प्रयोगाच्या कालावधीइतका वेळ वर्णपट घ्यावा. द्रावण अपकेंद्रित करून वरच्या द्रवातील धातू मोजावा. सुटा लिगँड, धातूचा साधा क्षार आणि नुसता विद्रावक यांच्या तुलनात्मक चाचण्या द्याव्यात. विद्रावकाचे नाव, प्रमाण आणि मूळ द्रावणाचे वय लिहावे.

एवढे केल्यावर काही आकर्षक आकडे गळून पडतील, हे खरे. परंतु ते गळून पडणार असतील तर परीक्षकापुढे, किंवा त्याहून वाईट म्हणजे रुग्णापुढे, पडण्यापेक्षा विद्यार्थ्याच्या वहीत पडलेले बरे. संयुगाचे सूत्र स्फटिकावरून ठरते. औषधाचे सूत्र मात्र द्रावणातच शोधावे लागते.