शिशुशिक्षणाचे नियोजन आणि मुलाची बोली

बालशाळेचा अभ्यासक्रम कोठून सुरू करावयाचा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ शिक्षणशास्त्राचा वाटतो. वस्तुतः तो प्रथम भाषेचा प्रश्न आहे. तीन वर्षांचे मूल शाळेत येते तेव्हा त्याच्याजवळ अक्षर नसते, अंकही नसतो. परंतु एक भाषा मात्र असते. ध्वनी, रूपे आणि वाक्यरचना यांच्या बहुतेक नियमांसह ती त्याच्या तोंडी बसू लागलेली असते. या भांडवलाची नोंद नियोजनात कोणत्या ठिकाणी होते, यावरून त्या अभ्यासक्रमाची परीक्षा करावयास हवी.

महाराष्ट्रातील बालशिक्षणाचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोम येथे आपले बालगृह काढले. त्यांची तत्त्वे गिजुभाई बधेका यांनी १९२० पासून भावनगरच्या बालमंदिरात गुजराती मुलांच्या जीवनाशी जुळवून घेतली. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९३६ मध्ये दादर येथे शिशुविहार सुरू केला आणि १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्हा) बोर्डी येथे अनुताई वाघ यांच्यासह ग्रामबालशिक्षणाचे कार्य हाती घेतले. बोर्डीस महागडी साधने परवडणारी नव्हती. तेव्हा शिंपले, बिया, पाने, खडे आणि माती हीच साधने झाली. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळा पाड्यावरील अंगणात गेली, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणातही गेली. तत्त्व एकच, परंतु भावनगर, दादर व बोर्डी येथील योजना तीन. स्थलपरत्वे योजना बदलणे हाच या परंपरेचा गाभा होय. आज तिचे अनुकरण करू पाहणारे शिंपले आणि बिया तेवढ्या उचलतात. ज्या निरीक्षणातून ती साधने निवडली गेली, ते निरीक्षण मात्र मागेच राहते.

२०२२ साली प्रसिद्ध झालेल्या पायाभूत स्तरावरील राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तीन ते आठ हा वयोगट एक सलग स्तर मानला आहे. बालशाळेची तीन वर्षे आणि पहिली-दुसरीची दोन, अशी ही पाच वर्षे आहेत. खेळ हे शिकण्याचे मुख्य साधन आणि घरची भाषा हे पहिले माध्यम, ही त्याची भूमिका निःसंशय स्वागतार्ह आहे. मौखिक भाषेला त्याने वाचन-लेखनाच्या बरोबरीचे स्थान दिले, हेही महत्त्वाचे. तथापि तत्त्व कितीही निर्दोष असले तरी त्याचे वर्षाच्या, आठवड्याच्या आणि दिवसाच्या योजनेत रूपांतर शाळेलाच करावे लागते. नेमक्या याच पायरीवर 'घरची भाषा' हा शब्द फसवा ठरतो. प्रवेशपत्रावर 'मराठी' असे लिहिले की शोध संपला, असे मानले जाते.

सुकापूरचे उदाहरण घ्यावे. पनवेल तालुक्यातील, नवीन पनवेलला लागून असलेल्या या गावात जुनी वस्ती आणि नव्या इमारती शेजारी-शेजारी आहेत. परिसरातील जुन्या रहिवाशांत आगरी बोली नांदते. नव्या वस्तीत निरनिराळ्या भाषांची कुटुंबे येऊन राहिली आहेत. आगरी बोलीत प्रमाण मराठीतील 'ण' च्या जागी सामान्यतः 'न', 'ळ' च्या जागी 'ल' आणि दोन स्वरांमधील 'ड' च्या जागी 'र' ऐकू येतो. पाण्याला 'पानी', काळ्याला 'काला' आणि गाडीला 'गारी' म्हणणारे मूल चुकत नाही. ते आपल्या बोलीचा नियम बिनचूक पाळते.

आता अशा ठिकाणच्या बालशाळेत पहिल्याच सत्रात अक्षरतक्ता भिंतीवर लागला, तर काय घडेल? 'ण' बाणाचा आणि 'ळ' नळाचा, असे बाई सांगतील. मूल 'बान' आणि 'नल' म्हणेल, आणि त्याला सुधारले जाईल. त्याच बाकावरील हिंदीभाषक मूलही 'पानी'च म्हणेल. परंतु त्याची भाषा वेगळी आहे म्हणून त्याला समजून घेतले जाईल. उच्चार एकच, एक भाषाभेद ठरतो, दुसरा अशुद्ध ठरतो. वारंवार अडवले गेलेले मूल बोलणे कमी करते आणि मग अबोल म्हणून त्याची गणना होते. हा दोष मुलाचा नसून योजनेतील क्रमाचा आहे.

यावर पालकांचा आक्षेप अपेक्षित आहे : बोलीलाच धरून बसले तर मूल प्रमाण मराठीत आणि इंग्रजीत मागे पडेल. ही भीती पोकळ नाही, कारण पुढील शिक्षण, परीक्षा व नोकरी यांचा व्यवहार त्या भाषांतच चालतो. परंतु बोलीपासून आरंभ करणे म्हणजे बोलीशी थांबणे नव्हे. गोष्टी ऐकताना मूल प्रमाण भाषा कानांनी आत्मसात करते. बाईंनी आपल्या भाषेत बोलावे, मुलाने त्याच्या भाषेत उत्तर द्यावे, यात विरोध नाही. पहिल्या वर्षी संभाषण, गाणी आणि गोष्टी. नंतर शब्दांतील ध्वनी ओळखण्याचे खेळ. त्यानंतर अक्षरे, आणि त्यांतही 'क', 'म', 'प', 'ब' यांसारखी सर्वांच्या उच्चारात समान असलेली आधी, 'ण' व 'ळ' सावकाश. वर्णमालेचा पारंपरिक क्रम उच्चारस्थानांच्या वर्गीकरणासाठी उत्तम आहे. शिशूच्या पहिल्या ओळखीसाठी तो बांधला गेलेला नाही.

ही योजना करण्यास नवे साहित्य लागत नाही. लागते ती शिक्षिकेची एक वही, जिच्यात प्रवेशानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत प्रत्येक मूल भाकरीला, पावसाला, आजीला काय म्हणते, हे लिहिले जाईल. बोर्डीस जे काम शिंपल्यांनी केले, ते सुकापूरसारख्या गावी ही वही करू शकेल. अभ्यासक्रमाचे पहिले पान तेथे लिहिले जावे. अक्षरतक्त्याने काही काळ थांबावयास हरकत नाही.